कासांद्राच्या तीन भट्ट्या

लुतेनी गावात एके काळी पाव भाजायच्या एकसष्ट मातीच्या भट्ट्या होत्या. त्यातल्या चोपन्न कासांद्रा हुत्सानुच्या हातच्या, उरलेल्या सात तिच्या बापाच्या. इलारी भट्टीवाल्याला मुलगा नव्हता, चार मुली होत्या. तिघी चिखल दिसला की घागरा सावरून पळायच्या, चौथी त्यात उडी मारायची. ही चौथी म्हणजे कासांद्रा. सहाव्या वर्षी ती बापाबरोबर माती तुडवायला लागली. बाराव्या वर्षी घुमट कुठे बसका झालाय आणि कुठे उंच, हे तिला नुसत्या नजरेनं कळायला लागलं. ती एकोणीस वर्षांची असताना इलारी शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. त्या उन्हाळ्यात गावात पाच भट्ट्या बांधायच्या ठरल्या होत्या.

"आता शेजारच्या गावचा कारागीर बघावा लागणार," लोक म्हणाले.

"कशाला? माझ्या घरातच आहे," इलारी म्हणाला. "फक्त घागरा घालतो, एवढंच."

तिची आणि कोस्ताकेची गाठ पडली तीसुद्धा भट्टीतच. तो लाकडाचा ट्रक चालवायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात ओंडके टाकायला आला, तर भट्टीच्या तोंडातून दोन अनवाणी पाय बाहेर आलेले. आत उताणं पडून कोणीतरी घुमट गुळगुळीत करत होतं. आतून आवाज आला, "कोण आहे रे? ती थापी दे इकडे!" त्यानं दिली. "झाली चाळीस वर्षं," कोस्ताके पुढे सांगायचा, "अजून देतोच आहे."

सासरी पहिल्याच ईस्टरला तिची फजिती झाली. लुतेनीत ईस्टर म्हणजे कोझोनाक, सणाचा गोड पाव. पिवळ्या बलकात, दुधात, लोण्यात मळलेलं पीठ, पोटात अक्रोडाचं सारण, दोन पेडांची वेणी आणि वर अंड्याची चकाकी. तो साच्याच्या काठावर टोपीसारखा फुगून आला की बाईची मान वर्षभर ताठ. कासांद्राचा फुगलाच नाही. खाली बसला तो बसलाच. मोठी नणंद आग्लाया, जिच्या हाताला सगळ्या गावात गुण होता, तिनं तो पालथा करून बोटानं वाजवला.

"कोस्ताके, बायकोनं कौल भाजलंय रे! छपरावर टाक, गळती तरी थांबेल."

टेबलाभोवतीची माणसं पोट धरून हसली. कासांद्राही हसली, कारण खरंच तो कौलासारखाच वाजत होता. तेव्हापासून ठरूनच गेलं. कासांद्रानं पिठाला हात लावायचा नाही. आग्लाया दर ईस्टरला दोन कोझोनाक पाठवायची आणि प्रत्येकाबरोबर एक टोमणा फुकट. त्या बदल्यात कासांद्रा दर हेमंतात आग्लायाची भट्टी आतून लिंपून द्यायची.

मग काळ बदलला. माणसं इटलीला गेली, तिकडून पैसे आले, पैशांची नवी घरं आली आणि नव्या घरांत काचेच्या दारांचे विजेचे ओव्हन आले. मातीच्या भट्टीनं भिंत काळी होते, जागा अडते, लाकूड फोडायला माणूस नाही. एकेक करून भट्ट्या पडायला लागल्या. त्यातल्या बारा कासांद्रानं स्वतः फोडल्या. लोकांनाही ते चमत्कारिक वाटायचं. "दुसरा कोणी फोडेल तर धुराड्यासकट भिंत पाडेल," ती म्हणायची. "कुठला चिरा आधी काढायचा ते मला ठाऊक आहे." हातोडा मारायची, राडारोडा घमेल्यात भरायची आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलायची नाही. आग्लायाची भट्टी तिनं अशीच फोडली. आग्लाया अंगणात पाठ करून उभी होती. "लवकर आटप गं," एवढंच म्हणाली.

कासांद्रा त्रेसष्ट वर्षांची झाली त्या साली गावात तीन भट्ट्या उरल्या होत्या. एक तिच्या स्वतःच्या मागच्या अंगणात. दुसरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या साफ्ताआजीच्या बाहेरच्या स्वयंपाकघरात; तिच्यात कोंबड्या राहायच्या. तिसरी टेकाडावरच्या बंद घरात. ते घर आग्लायाच्या दिराचं. तो सगळं बिऱ्हाड घेऊन इटलीत तोरिनोला गेला होता आणि किल्ली आग्लायाकडे होती.

त्या साली ईस्टर एप्रिलच्या मध्यावर आला. मनुकांची झाडं पांढरीशुभ्र फुलली होती, लोकांनी कोट पेटीत टाकले होते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी वारा फिरला आणि बर्फ पडायला लागलं. साधंसुधं नाही, ओलं, जड, मुठीएवढ्या तुकड्यांचं. शुक्रवारी सकाळी गुडघाभर झालं. फुललेल्या फांद्या कडाकडा मोडत होत्या. दोन झाडं तारांवर पडली आणि सगळ्या गावाची वीज गेली.

शुक्रवारी कोणी फारसं घाबरलं नाही. ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस, त्या दिवशी भाजायचं नसतंच. वीजवाल्यांनी फोनवर सांगितलं, शनिवारी सकाळी दहापर्यंत दुरुस्ती होईल. त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून शनिवारी उजाडता उजाडता घराघरांत बाया पीठ मळायला बसल्या. तेवीस घरं. खिडक्या बंद, दारं बंद, काथवटीवर गोधड्या. घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, दार आपटायचं नाही; पीठ दचकतं.

दहा वाजले. वीज नाही. साडेदहाला फोन केला तर वीजवाले म्हणाले, रस्त्यावर झाडं पडलीत, गाडी खोऱ्यात अडकली आहे, संध्याकाळ होईल, कदाचित उद्या. ज्यांच्याकडे गॅसचा ओव्हन होता त्यांच्या दारात रांग लागली. पण सिलेंडरची गाडी बुधवारनंतर आलीच नव्हती. एका घराचा गॅस पहिल्याच खेपेत फस्कन संपला आणि त्यांचे कोझोनाक अर्धे कच्चे राहिले.

कासांद्रा तेव्हा अंगणात लाकडी फावड्यानं बर्फ उपसत होती. कोस्ताके पायरीवर बसून दुखरा गुडघा चोळत होता. फाटक धाडकन उघडलं आणि आग्लाया आत आली. डोक्यावरचा रुमाल मागे घसरलेला, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, पायात नवऱ्याचे गमबूट. तिच्या मागे पाच-सहा बाया. सगळ्यात मागे लुमिनित्सा, गेल्या हेमंतात लग्न होऊन आलेली, नाक लाल, डोळ्यांत पाणी.

"तुझी भट्टी पेटते का गं?" आग्लायानं फाटकातूनच विचारलं.

"वन्सं, आधी दम तर घ्या!"

"दम घ्यायला वेळ नाही. पीठ काठाला आलंय. पेटते का?"

"रोज पेटते. पण माझ्या एकटीच्या भट्टीत किती मावणार? बारा साचे. तुम्ही किती जणी?"

"तेवीस घरं," लुमिनित्सा रडवेल्या आवाजात म्हणाली. "कोणाचे दोन, कोणाचे चार. माझे दोनच आहेत, काकू. पण माझी सासू उद्या येणारे. पहिलाच ईस्टर माझा."

कासांद्रानं फावडं बर्फात रोवलं. मनातल्या मनात हिशेब चालला होता: बारा आणि बारा आणि बारा, दोन खेपा. तिच्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं. किती वर्षांत असं धडधडलं नव्हतं!

"साफ्ताआजीच्या कोंबड्या बाहेर काढा," ती म्हणाली. "आणि वन्सं, टेकाडावरच्या घराची किल्ली कुठे आहे?"

"गळ्यात आहे. पण त्या भट्टीचा घुमट तडकलाय. मी पाहिलंय. हात जाईल एवढी भेग आहे."

"हात जाईल एवढी भेग असेल तर हातानंच बुजवू. मला तीन तास द्या."

"तीन तास?" आग्लाया ओरडली. "तीन तासांनी पीठ उठून दारात येऊन उभं राहील! तुझं माझं नाव घेऊन हाक मारेल!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. माती आणि लाकूड कासांद्राला कळत होतं, पण पिठापुढे तिची मती चालत नव्हती. आग्लायानं ओठ घट्ट मिटले, अंगणातल्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं आणि लांब सुस्कारा सोडला.

"काथवटी बर्फात ठेवा."

"काय?" दोघी-तिघी एकदमच किंचाळल्या. हीच आग्लाया दार जोरात लोटलं म्हणून नवऱ्याला लाटणं फेकून मारायची.

"ऐकू आलं नाही? पीठ मुठीनं दाबून खाली बसवा, वर ओलं फडकं, आणि बर्फात ठेवा. मरत नाही ते, झोपतं. माझ्या आईनं एकदा केलं होतं, माझ्या जन्माच्या वेळी. चला, तोंडं काय बघताय माझी!"

मग जी धांदल उडाली तशी लुतेनीत त्याआधी उडालेली कोणाला आठवत नाही. प्रत्येक अंगणात बर्फात खळगा आणि खळग्यात काथवट. पाळण्यातल्या पोरासारखं पीठ गुंडाळलेलं, आणि कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून आजोबा लोक काठी घेऊन राखणीला बसलेले.

कासांद्रानं तळघरातून मातीचं पिंप बाहेर काढलं. दर हिवाळ्यात ती पिंपभर भिजवलेली माती गोणपाटाखाली ठेवायची. कशाला ठेवतेस, आता कोण भट्टी बांधतंय, असं कोस्ताके दर वर्षी म्हणायचा. आज मात्र त्यानंच पिंपावरचं गोणपाट काढलं. स्वतःच्या भट्टीत त्यानं बीचचे ओंडके रचले, काडी ओढली आणि हाताची ओंजळ करून फुंकर घातली.

"इथलं मी बघतो," तो म्हणाला. "तू पळ."

आणि कासांद्रा पळाली. त्रेसष्ट वर्षांची बाई गुडघाभर बर्फातून, डोक्यावर मातीचं घमेलं, कमरेला थापी खोचलेली, टेकाड चढत होती आणि मागून आग्लाया गमबुटांत धापा टाकत येत होती.

"हळू गं! मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे!"

"मग सहा पावलं मागे राहा!"

बंद घराचं कुलूप गंजलेलं होतं. आग्लायानं दोनदा किल्ली फिरवली, तिसऱ्यांदा लाथ घातली. आतली भट्टी गार, ओलसर, उंदरांच्या लेंड्यांनी भरलेली. उजव्या बगलेला वरपासून खालपर्यंत भेग. कासांद्रानं आत डोकं घातलं, मग खांदे, मग सगळीच आत गेली. बाहेर नुसते तिचे बूट राहिले. घुमटावर बोटाच्या पेरानं टकटक वाजवत ती पुढे सरकत होती. एका जागी आवाज बद्द यायचा, दुसरीकडे खणखणीत.

"काय म्हणते?" आग्लायानं बाहेरून विचारलं.

"जिवंत आहे! भेग वरवरची आहे, कणा शाबूत आहे. राख द्या मला, चुलीतली. आणि मीठ."

"मीठ? किती?"

"असेल तेवढं सगळं!"

मातीत राख आणि मीठ कालवून तिनं चिकट लगदा केला. असा लगदा आगीत लवकर धरतो आणि तडकत नाही. इलारीनं तिला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. भेगेत तो बोटांनी कोंबत, थापीनं दाबत ती पुढे गेली. आग्लाया गोळे करून आत देत होती. तिचे पिठाचे हात आता मातीचे झाले होते. तिचा गोळा मात्र अगदी एकसारखा गोल यायचा.

"वन्सं, तुम्हाला मातीलाही गुण आहे हो हाताला."

"गप्प बस आणि लाव."

आधी काटक्यांची हलकी आग, मग मोठी. भेगेतून वाफ निघाली, फुसफुसली आणि हळूहळू थांबली. माती धरली. आग्लायानं छातीवर क्रूसाची खूण केली.

साफ्ताआजीकडे वेगळाच गोंधळ चालला होता. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा घर सोडायला तयार नव्हते. म्हातारी स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "त्या ठिपकीला शेपटीकडून धरू नका गं! रागावते ती. सणाला अंडी देणार नाही." लुमिनित्सानं कोंबड्याला पोटाशी धरून बाहेर नेलं, तेव्हा त्यानं तिच्या हनुवटीवर चोच मारली. पण भट्टी आत टणटणीत होती. कोंबड्यांच्या उबेनं तिला ओल लागली नव्हती. घासून, धुऊन, कोरडी करून आग पेटवली तेव्हा बारा वाजत आले होते.

आता गावावर तीन धूर उभे होते. बाया अंगणांतून ते बघत होत्या आणि एकमेकींना ओरडून सांगत होत्या, "टेकाडावरचा पांढरा झाला बघ! आजीचा अजून काळाच आहे!" काथवटी घरात आल्या, पीठ पुन्हा उठायला लागलं. पीठ लाटलं, सारण पसरलं, वळकट्या झाल्या, वेण्या पडल्या. कोणी अक्रोड घातले, कोणी खसखस, कोणी गुलाबी तुर्की मिठाईचे तुकडे. रमचा आणि लिंबाच्या सालीचा वास गल्लीत सुटला आणि ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा उपास केलेली माणसं दारातच उभी राहिली. अंडं-दूध तोंडाला लावायची सोय नव्हती. बोट चाटलं तरी पाप.

दीड वाजता कासांद्राच्या भट्टीचा घुमट आतून पांढरा पडला. काजळी जळून गेली की भट्टी तयार. निखारे ओढून बाहेर काढले, ओल्या फडक्यानं तळ पुसला, तोंड बंद करून थोडा वेळ तशीच ठेवली. मग तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"मी एकटी तीन ठिकाणी नसणार. म्हणून शिकून घ्या. हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणायला लागायचं. घाई करायची नाही. 'रोजची भाकर'पर्यंत पोचलात आणि तेव्हाच हात ओढावासा वाटला, तर बरोबर. त्याआधीच ओढलात तर भट्टी तापट आहे, थांबा. प्रार्थना संपेपर्यंत टिकलात तर गार पडली, परत पेटवा."

"आणि अर्ध्या प्रार्थनेला जीभ अडकली तर?" साफ्ताआजीची सून म्हणाली.

"मग हात भाजेल आणि प्रार्थना पाठ होईल."

घसरगाड्यांवरून साचे आले. नातवंडांच्या घसरगाड्या गावभर मागून घेतल्या होत्या. प्रत्येक साच्यावर फडकं, प्रत्येक घसरगाडीमागे दोन बाया; धक्का लागला तर फुगलेलं पीठ बसणार. लांब दांड्याच्या फळीनं कासांद्रानं एकेक साचा आत सरकवला, मोठे मागे, लहान पुढे. दार लावलं, कडेच्या फटी मातीनं लिंपल्या आणि साफ्ताआजीकडे धावली. तिथून टेकाडावर. तिथून परत खाली.

आजीच्या भट्टीपाशी तिनं कोस्ताकेला बसवलं होतं. बिचाऱ्यानं तळमळीनं काम केलं, तीच चूक झाली. खेप आत गेल्यावर त्याला वाटलं, भट्टी थंड पडतेय. त्यानं दार किलकिलं करून कोपऱ्यात दोन वाळके ओंडके टाकले. ते भडकले. कासांद्रा आली तेव्हा तिला फाटकातच वास आला.

"काय केलंस?"

"दोनच टाकले गं..."

तिनं दार ओढून काढलं. पुढचे दहा नीट होते, फक्त थोडे लालसर. मागचे दोन मात्र काळे ठिक्कर, वरून जळके, आतून कच्चे. ते दोन्ही लुमिनित्साचे होते.

पोरगी साचे फडक्यात धरून उभी राहिली आणि खाली बसून हुंदके द्यायला लागली. कोस्ताके टोपी काढून हातात चुरगाळत होता. "माझ्या वाटणीचे घे, बाळा. आग्लाया देते ते दोन्ही घे."

"सासूला दुसऱ्याच्या हातचे वाढू?" ती रडता रडता म्हणाली. "तिला ओळखू येईल. सगळ्यांना आग्लायाकाकूंच्या हातचं ओळखू येतं."

तेवढ्यात आग्लाया आली. तिनं जळके साचे पाहिले, मग लुमिनित्साकडे पाहिलं, आणि कोणाला न विचारता आपल्या काथवटीतला मूठभर गोळा तोडून रिकाम्या काथवटीत टाकला. "ए, तू! आणि तू! दुसऱ्या खेपेचं पीठ आहे ना तुमच्याकडे? एकेक मूठ द्या. आणि लुमिनित्सा, ऊठ. मी देईन पीठ, पण मळायचं तू. वेणी तूच घालायची. रडायचं ते उद्या रड, सासूसमोर, आनंदानं."

अकरा जणींनी मूठमूठ दिली. कोणाचं पीठ पिवळं, कोणाचं फिकट, कोणाच्यात व्हॅनिला, कोणाच्यात रम. लुमिनित्सानं हनुवटीवरच्या चोचीच्या खुणेवर पीठ फासलेलं असताना ते मळलं. मूठ आपटत, उचलत, परत आपटत, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत. त्या दिवशी एवढ्या जोरानं कोणीच मळलं नसेल.

दुसरी खेप साडेतीनला आत गेली. या वेळी तिन्ही भट्ट्यांवर कोपरापर्यंत बाही वर केलेल्या बाया होत्या, आणि बर्फातून तिन्ही बाजूंनी प्रार्थनेचे आवाज येत होते. "...तुझी इच्छा होवो... आमची रोजची... आई गं!" टेकाडावर आग्लाया स्वतः होती. तिनं तीनदा हात घातला आणि तीनदा "नाही, अजून तापट" म्हणून काढला, कासांद्रा येईपर्यंत. कासांद्रानं हात घातला. बरोबर "भाकर"वर ओढला.

"आता झाली."

"माझंही आता 'भाकर'वरच आलं होतं," आग्लाया म्हणाली. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "तू हे रोज करायचीस? सगळं आयुष्य?"

"सगळं आयुष्य."

"आणि मला वाटायचं, पिठाचाच चमत्कार असतो."

पाच वाजायला आले असताना वीज आली. गल्लीतले दिवे लागले, घराघरांतले रेडिओ एकदम बोलायला लागले, कोणाच्या तरी फ्रिजनं खुर्रर आवाज केला. अंगणात उभ्या असलेल्या बायांनी वर बघितलं. कोणी हललं नाही.

"आली का महाराणी," साफ्ताआजी म्हणाली, आणि सगळ्या परत भट्टीच्या दाराकडे बघायला लागल्या.

दार उघडलं तेव्हा वासाचा असा लोट आला की पुढची बाई एक पाऊल मागे सरली. साच्यांच्या काठावर टोप्या उठल्या होत्या, तपकिरी, चकचकीत, वेणीच्या पेडांवर साखर चरचरत होती. एक, दोन, पाच, दहा... कोणीतरी मोजत होतं, मग सगळ्याच मोजायला लागल्या, आकड्यागणिक आवाज चढत गेला. पहिल्या खेपेचे धरून तिन्ही भट्ट्यांचे मिळून सत्तर! दोन जळाले, सत्तर साधले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी रडलं, कोस्ताके गुडघा विसरून नाचला आणि घसरून बर्फात बसला. लुमिनित्साचा तो भेसळीचा कोझोनाक सगळ्यांत उंच आला होता, एका बाजूला जरा कललेला.

रविवारी उजाडताना देवळाच्या अंगणात टोपल्यांची रांग लागली. बर्फावर मेणबत्त्या रोवलेल्या, प्रत्येक टोपलीत लाल अंडी, मीठ, मुळा आणि कोझोनाक. पाद्रीबुवा पाणी शिंपडत पुढे गेले. कासांद्रा रांगेच्या मागून चालत होती. लोकांना वाटलं, ती वेण्या बघतेय. ती कडा आणि बूड बघत होती. हा माझ्या भट्टीतला, तळ सगळीकडे सारखा. हा आजीच्या, डावीकडे गडद. हे टेकाडावरचे, यांच्यावर तर बापाचीच सही आहे, घुमट त्यानं जरा उंच ठेवला होता. सत्तरच्या सत्तर ती ओळखू शकली. तिचा चेहरा इतका लाल झाला होता की कोस्ताकेनं विचारलं, "ताप आला का गं?"

"आला," ती म्हणाली. "चांगला चढलाय."

लुमिनित्साच्या सासूनं पहिल्या घासालाच विचारलं, "यात काय घातलंस गं? वेगळंच लागतंय." लुमिनित्सानं खरं ते सांगितलं, अकराही जणींची नावं घेऊन, कोंबड्यासकट. सासू एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिनं दुसरा तुकडा घेतला, आणि तिसरा.

ईस्टरनंतरच्या पहिल्याच आठवड्यात कासांद्राच्या फाटकाशी चार जण येऊन गेले. भट्टी हवी. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावाहून दोघं आले. ती सगळ्यांना एकच सांगत होती, "बांधीन. पण मी म्हातारी आहे, माझ्या पायांत आता माती तुडवायचं बळ नाही. तुडवायला माणसं आणा."

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी ती ओढ्याकाठच्या मातीच्या खाणीवर गेली तेव्हा तिथे नऊ बाया फावडी घेऊन उभ्या होत्या. घागरे वर खोचलेले, पाय अनवाणी. लुमिनित्सा पोटुशी होती, तरी आली होती. तिला फक्त पेंढा टाकायचं काम दिलं. खड्ड्यात माती, वाळू, पेंढा, घोड्याची लीद पडली, वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या. कासांद्रा काठावर उभी राहून हात नाचवत ओरडत होती.

"टाच आधी! बोटं नंतर! नाचताय काय, लग्नात आलात का? दाब! दाब! हवेचा बुडबुडा राहिला तर सगळा घुमट जाईल!"

"किती वेळ तुडवायचं?" आग्लायानं धापा टाकत विचारलं. ती खड्ड्याच्या मधोमध गुडघ्यापर्यंत रुतून उभी होती.

"हाताला चिकटायची थांबेपर्यंत, वन्सं."

"अगं, हे तर पिठासारखंच..." आग्लाया म्हणायला गेली, एक पाय उपसला, दुसरा घसरला, आणि ती सबंधच्या सबंध पाठीवर चिखलात आडवी झाली. बाया किंचाळल्या. कासांद्रा घाबरून काठावरून खाली उतरायला गेली, आणि तीही सरकत सरळ तिच्याशेजारी येऊन पडली. मग चिखलातून आग्लायाचा हात वर आला, त्यात मातीचा एक गोळा होता, अगदी एकसारखा गोल, आणि तो तिनं नेम धरून साफ्ताआजीच्या सुनेवर फेकला.

दुपारपर्यंत माती तयार झाली. संध्याकाळी आग्लायाच्या अंगणात भट्टीच्या पायाचा पहिला दगड बसला.